फोन आपला, पण किल्ली कुणाकडे?



मी नर्स होते. मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला, नंतर अमेरिकेत आले आणि रिटायर होईपर्यंत वॉर्डातच राबले. आता सत्तरी ओलांडली, तरी ओळखीचे लोक फोन करतात. पूर्वी विचारायचे, "साखर दोनशे आली, काय करू?" आता त्याच दमात दुसरा प्रश्न असतो, "आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी सहा आकडी नंबर मागतंय, देऊ का?" म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

आपल्या लोकांची घरं तीन देशांत पसरलीत. भाऊ ठाण्याला, बहीण अश्दोदला, मुलगी न्यू जर्सीत. पूर्वी एरोग्रामवर भागायचं. आता जन्माची बातमी, लग्नाचं आमंत्रण, मयतीची खबर, सगळं फोनवर. आपल्यात दफन लवकर होतं, तेव्हा बातमी दोन दिवसांनी कळून उपयोग नसतो. शिवाय बँक, डॉक्टर, पेन्शन हेही फोनमध्येच शिरलंय, आणि काही जणांचा घरगुती धंदासुद्धा. तेव्हा फोन हातातून गेला म्हणजे नुसती वस्तू हरवली असं नाही. माणूस आपल्या माणसांपासून तुटतो.

बटणं कुठली दाबायची हे नातवंडं दाखवतात. मला सांगायचंय ते वेगळं. कुठल्या कुलुपाची किल्ली कुठे आहे, हे आपल्या स्वतःला माहीत पाहिजे.

ईमेल म्हणजे घराचं मुख्य दार

पुष्कळ जण म्हणतात, "मी ईमेल वापरतच नाही, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर." पण हे बघा, बँकेचा पासवर्ड विसरलात की बँक काय करते? तुमच्या ईमेलवर नवीन पासवर्ड करायची लिंक पाठवते. हॉस्पिटल तेच करतं, दुकानं तेच करतात. म्हणजे ज्याच्या हातात तुमचा ईमेल, त्याला बाकीची बरीचशी दारं उघडता येतात. म्हणून ईमेलचा पासवर्ड सगळ्यात मजबूत हवा, आणि तो दुसऱ्या कुठेही वापरायचा नाही.

दुसरं, ईमेल अधूनमधून उघडायला हवा. गूगलने २०२३ सालच्या मे महिन्यात नियम जाहीर केला, की एखादं वैयक्तिक खातं सलग दोन वर्षं वापरलं नाही तर ते पुसलं जाऊ शकतं. त्या वर्षीच्या डिसेंबरपासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. खातं गेलं की त्यातली पत्रं आणि फोटोही गेले. यजमानांच्या नावाचं जुनं खातं असेल आणि त्यात लग्नकार्याचे फोटो असतील, तर ते दर दोन-चार महिन्यांनी उघडत जा.

पासवर्ड कसा असावा? पूर्वी सांगायचे, दर तीन महिन्यांनी बदला, त्यात चिन्हं घाला, आकडे घाला. त्यामुळे लोक विसरायचे, नाहीतर एकच पासवर्ड शेवटचा आकडा बदलून वापरायचे. अमेरिकन सरकारची मानकं ठरवणारी जी संस्था आहे, एनआयएसटी, तिने २०१७ मध्येच सांगितलं, की विनाकारण सारखा पासवर्ड बदलायला लावू नका, लांबीला महत्त्व द्या. आपल्याला मराठी येतं हा इथे फायदाच आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द घ्या, इंग्रजी अक्षरांत लिहा, मध्ये आडव्या रेघा घाला. गलबत, छत्री, जायफळ, मंगळवार, असे काहीतरी. हेच घेऊ नका बरं का, आपले आपण शोधा.

आणि एक गोष्ट खास आपल्या समाजासाठी. खातं उघडताना "आईचं माहेरचं आडनाव काय?" "मूळ गाव कुठलं?" असे प्रश्न विचारतात. इतर लोकांच्या बाबतीत ते गुपित असेल. आपलं तर गाव आडनावातच आहे. पेणकरांचं पेण आणि किहीमकरांचं किहीम हे कुणीही सांगेल. आईचं माहेर कुठलं हेही अर्ध्या समाजाला ठाऊक. म्हणून अशा प्रश्नांना खरी उत्तरं देऊ नका. मूळ गाव "नागपूर" लिहा, आईचं माहेर "गाजर" लिहा. कॉम्प्युटर खरंखोटं तपासत नाही, पहिल्यांदा लिहिलेलंच पुन्हा मागतो. फक्त काय लिहिलं ते वहीत टिपून ठेवा.

हो, वहीत. "पासवर्ड कागदावर लिहू नये" हे ऑफिसातल्या टेबलासाठी ठीक आहे. परदेशात बसलेला चोर तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही. वही घरात, कुलपात ठेवा. पर्समध्ये नको, आणि तिचा फोटो काढून फोनमध्येही नको.

फोन नंबर ही दुसरी किल्ली

आजकाल पासवर्ड घातल्यावर सहा आकडी कोड येतो. तो बहुतेक वेळा फोन नंबरवर येतो. म्हणजे नंबर ज्याच्याकडे, कोड त्याच्याकडे.

इथे आपल्यातल्या पुष्कळांची गाडी अडते. मुलांकडे अमेरिकेत आलो, पण मुंबईची बँक, पेन्शन, आधार सगळं जुन्या भारतीय नंबरला जोडलेलं. ते सिमकार्ड कपाटात पडलेलं. भारतातल्या ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही आणि त्यात बॅलन्सही नसला, तर कंपनी तो बंद करू शकते. पुढे काही काळाने तोच नंबर दुसऱ्या माणसाला दिला जातो. मग तुमच्या बँकेचा कोड जातो कुणा अनोळखी माणसाकडे, आणि तुम्ही इथे बसून शाखेला फोन लावत राहता. म्हणून भारतीय नंबर ठेवायचा असेल तर वेळच्या वेळी रिचार्ज करा, रोमिंग सुरू आहे ना ते बघा, आणि महिन्यातून एकदा तरी त्यावरून एखादा मेसेज पाठवा. नंबर सोडून द्यायचा असेल तर आधी बँकेत नवा नंबर नोंदवा, मगच जुना सोडा. हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅपचंही तसंच. ते नंबरला बांधलेलं असतं. नंबर बदलला तर सेटिंग्जमध्ये "चेंज नंबर" आहे, ते वापरलं की ग्रुप तसेच राहतात. आणि १२० दिवस व्हॉट्सअ‍ॅप वापरलंच नाही, तर साधारणपणे ते खातं पुसलं जातं. बराच काळ हॉस्पिटलात किंवा रिहॅबमध्ये राहावं लागलं, तर घरच्यांनी फोन चार्ज करून अधूनमधून उघडावा.

आता तो सहा आकडी कोड. समजा, ओळखीच्या माणसाच्या नावाने मेसेज येतो, "मावशी, चुकून माझा कोड तुमच्या फोनवर आलाय, जरा पाठवता का?" तो कोड त्याचा नसतो, तुमचाच असतो. कुणीतरी स्वतःच्या फोनवर तुमचं व्हॉट्सअ‍ॅप चालू करायला बसलेलं असतं आणि त्याला तेवढाच एक आकडा कमी पडतो. तुम्ही दिलात की पुढच्या दहा मिनिटांत तुमच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना "अडचणीत आहे, पैसे पाठवा" असे मेसेज जातात. कोड कुणालाही द्यायचा नाही. भाच्याला नाही, बँकेच्या माणसाला नाही, पोलिसालाही नाही.

शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये, अकाउंट या भागात, "टू-स्टेप व्हेरिफिकेशन" आहे. तिथे आपला सहा आकडी पिन ठरवून ठेवा. मग कोड चोराच्या हाती लागला तरी तो पिनपाशी अडतो. आज एवढं एकच काम केलंत तरी हा लेख वाचल्याचं सार्थक झालं.

नर्सचे पाच नियम, मेसेजला लावलेले

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला औषध देण्याचे पाच नियम घोटून शिकवायचे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पाचही जुळले तरच औषध द्यायचं. एक जरी चुकला तरी ट्रे खाली ठेवून पुन्हा विचारायचं. फोनवर कुणी काही मागितलं की हेच पाच लावून बघा.

माणूस कोण? स्क्रीनवर दिसणारं नाव म्हणजे ओळख नव्हे. नाव आणि नंबर दोन्ही खोटे दाखवता येतात. आता आवाजही. नातवाच्या आवाजाची नक्कल कॉम्प्युटरकडून करून घेऊन आजी-आजोबांना फसवतात, असा इशारा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०२३ मध्ये दिला होता. "आजी, मला अटक झालीय, मम्मी-डॅडीला सांगू नको" असा फोन आला तर ठेवून द्या आणि नातवाच्या रोजच्या नंबरवर स्वतः फोन लावा. घरात एक गुप्त शब्द ठरवून ठेवा, शक्यतो मराठी. खरा नातू असेल तर तो सांगेल.

मागतात काय? पासवर्ड, कोड, सोशल सिक्युरिटी नंबर, मेडिकेअर कार्डावरचा नंबर. आपण स्वतः फोन केलेला नसेल तर यातलं काहीही सांगायचं नाही.

किती? आधी थोडे, मग आणखी, मग "शेवटचे एकदाच". मात्रा वाढत चालली की औषध चुकलेलं आहे.

कुठल्या मार्गाने? गिफ्ट कार्ड विकत घेऊन त्याचे नंबर वाचून दाखवा, असं अमेरिकेतलं कुठलंही सरकारी ऑफिस सांगत नाही. आयआरएस नाही, सोशल सिक्युरिटी नाही, कोर्ट नाही. झेलवरून पाठवलेले पैसे लगेच पोचतात, पण तितक्या सहज परत येत नाहीत, कारण बँकेच्या दृष्टीने ते तुम्ही स्वतःच पाठवलेले असतात. झेल फक्त ओळखीच्या माणसासाठी.

वेळ कुठली? "आत्ताच्या आत्ता, फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका." खऱ्या कामाला इतकी घाई नसते. भारतात "डिजिटल अरेस्ट" नावाचा जो प्रकार चालतो, त्यात व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश घातलेला माणूस तासन् तास फोन सोडू देत नाही. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडिओवरून हे सांगितलं.

हे काही दुसऱ्याच्या घरचं दुखणं नव्हे. एफबीआयच्या आकड्यांप्रमाणे २०२३ या एका वर्षात साठीच्या पुढच्या लोकांनी अमेरिकेत ३.४ अब्ज डॉलरपेक्षा जास्त नुकसानीच्या तक्रारी केल्या. लाजेने गप्प बसलेले त्यात धरलेलेच नाहीत.

तसं काही झालंच, तर पहिल्या तासात बँकेला फोन. मग न्याय खात्याची वृद्धांसाठीची हेल्पलाइन, ८३३-३७२-८३११. एफबीआयकडे आयसीथ्री डॉट गव्ह या साइटवर तक्रार नोंदवता येते. नको असलेला मेसेज ७७२६ या नंबरवर फॉरवर्ड केला की तो फोन कंपनीला कळतो. भारतातल्या खात्यातून पैसे गेले असतील तर तिथल्या नातेवाइकाला १९३० वर फोन करायला सांगा. आणि घरच्यांना सांगा. पाय घसरून पडलेल्या पेशंटला आम्ही "का पडलात?" म्हणून कधी रागवत नसू, आधी उचलत असू. मुलांनीही तसंच वागावं.

डॉक्टरचं पोर्टल

बहुतेक हॉस्पिटलांचं आता ऑनलाइन पोर्टल असतं. पुष्कळ ठिकाणी त्याचं नाव मायचार्ट. औषधाची चिठ्ठी, अपॉइंटमेंट, रिपोर्ट सगळं त्यात. आई आपला पासवर्ड मुलाला देते आणि मुलगा आईच्या नावाने डॉक्टरला लिहितो. यात गोंधळ असा, की डॉक्टरला वाटतं पेशंट स्वतः बोलतोय. योग्य रस्ता म्हणजे "प्रॉक्सी अ‍ॅक्सेस". हॉस्पिटलकडून फॉर्म घ्या, सही करा, मुलाला किंवा मुलीला त्यांचा वेगळा पासवर्ड मिळतो. कोण लिहितंय ते डॉक्टरला दिसतं, आणि तुम्हाला वाटेल तेव्हा परवानगी काढून घेता येते.

आणखी एक. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या नियमामुळे रिपोर्ट तयार झाला की बहुतेक वेळा तो लगेच पोर्टलवर दिसतो, डॉक्टरने वाचायच्या आधीही. शुक्रवारी संध्याकाळी बायोप्सीचा रिपोर्ट येऊ शकतो, आणि पुढे शनिवार-रविवार विचारायला कुणी नाही. आपल्याला काय झेपतं ते आपणच ठरवायचं. तपासणीच्या दिवशीच डॉक्टरांना विचारा, "रिपोर्ट कधी येईल आणि तुम्ही फोन कधी कराल?" फोन सोमवारी येणार असेल तर सोमवारपर्यंत पोर्टल न उघडणं हेही शहाणपणच आहे. एकटीने स्क्रीनवर वाईट शब्द वाचण्यापेक्षा शेजारी कुणी असताना ऐकलेला बरा.

घरगुती धंदा असेल तर

आपल्यात कुणी सणासुदीला चिकाचा हलवा करून देतं, कुणी शिवणकाम करतं, कुणी शिकवण्या घेतं, कुणाचं छोटं दुकान. अशांसाठी व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ च्या जानेवारीत वेगळं "व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस" काढलं. ते फुकट आहे. पदार्थांची यादी भावासकट लावता येते, आणि ठरावीक वेळेत आपोआप जाणारं उत्तरही. शब्बाथच्या दिवशी फोन बंद असेल तर "रविवारी सकाळी उत्तर देऊ" असा निरोप ठेवा. गिऱ्हाईक रागावत नाही. त्यासाठी घरच्या नंबरपेक्षा वेगळा नंबर घ्या, नाहीतर ऑर्डरी आणि नातवंडांचे फोटो एकमेकांत मिसळतात.

गूगलच्या नकाशावर धंद्याचं नाव, वेळ आणि फोन नंबर फुकट टाकता येतो. "तुमची गूगलवरची नोंद रद्द होणार आहे, पैसे भरा" असा फोन आला तर तो खोटा. नोंदीला पैसे पडत नाहीत. वेबसाइटच्या नावाचं बिल पोस्टाने आलं तर नीट वाचा. ज्या कंपनीकडून नाव घेतलं तिचंच ते आहे ना? भलत्याच कंपन्या बिलासारखं दिसणारं पत्र पाठवतात.

पण यापेक्षा महत्त्वाचं सांगते. आमच्या ओळखीचं एक जोडपं होतं. बाई खाण्याच्या ऑर्डरी करायच्या, यजमान फोन आणि वेबसाइट सांभाळायचे. यजमान अचानक गेले. फोनचा पासकोड त्यांनाच ठाऊक. आयफोनवर चुकीचा पासकोड पुन्हा पुन्हा घातला की फोन थांबवून ठेवतो, आणि फारच वेळा चुकला तर सगळं पुसल्याशिवाय उघडत नाही. रोश हशानाच्या ऑर्डरी त्या बंद फोनवर येत राहिल्या. वेबसाइटचं नाव त्यांच्या ईमेलवर, पैसे त्यांच्या कार्डावरून. कार्ड बंद झालं, नाव नव्याने भरलं गेलं नाही, काही महिन्यांत वेबसाइटही गेली. वीस वर्षांचा हात, पण गिऱ्हाइकाला वाटलं धंदा बंद झाला. बाईंना तारलं ते एका जुन्या वहीने. तिच्यात गिऱ्हाइकांचे नंबर हाताने लिहिलेले होते. एकेकाला फोन करून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

म्हणून धंद्याच्या प्रत्येक ठिकाणी दोन माणसांची नावं असू द्या. गूगलच्या नोंदीला दुसरा मालक जोडता येतो, फेसबुकच्या पानालाही जोडता येतो. वेबसाइटचं नाव पुतण्याने त्याच्या ईमेलवर घेतलं असेल तर ते आपल्या ईमेलवर करून घ्या. पुतण्या चांगलाच आहे, पण उद्या तो दुसऱ्या गावी गेला तर? आणि गिऱ्हाइकांची यादी कागदावर ठेवा, दर सहा महिन्यांनी नवी लिहा.

आपल्या मागे काय?

हा विषय काढला की घरात लोक "असं बोलू नकोस" म्हणतात. आयुष्यभर वॉर्डात काम केलं, त्यामुळे मला यात अशुभ काही वाटत नाही. ड्युटी संपताना पुढच्या नर्सला सगळं समजावून दिल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. हेही तसंच.

गूगलवर "इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" आहे. तुम्ही तीन ते अठरा महिने खातं वापरलं नाही, तर कुणाला कळवायचं आणि काय द्यायचं हे आधीच ठरवता येतं, दहा जणांपर्यंत. अ‍ॅपलने डिसेंबर २०२१ पासून "लेगसी कॉन्टॅक्ट" दिलाय. तुम्ही नेमलेल्या माणसाला एक किल्लीचा कोड मिळतो, तो आणि मृत्यूचा दाखला दिला की फोटो वगैरे मिळतात. पासवर्ड मात्र त्यातून मिळत नाहीत, म्हणून वही हवीच. फेसबुकवरही वारस नेमता येतो, पण त्याला तुमचे खाजगी मेसेज वाचता येत नाहीत.

आणि हे लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत या बाबतीत सारखाच कायदा आहे. कंपनीच्या सोयीत तुम्ही जे नाव घातलं, ते मृत्युपत्रातल्या मजकुरापेक्षा वरचढ ठरतं. मृत्युपत्रात मुलीचं नाव आणि गूगलवर जुन्या शेजाऱ्याचं, असं राहून देऊ नका. दोन्हीकडे एकच नाव घाला.

एकदम सगळं करायला बसू नका, दमाल. पहिल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपचा पिन. दुसऱ्या आठवड्यात ईमेलचा नवा पासवर्ड. तिसऱ्यात भारतातला नंबर आणि बँक. चौथ्यात मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून वारसाचं नाव, आणि वही कुठे ठेवलीय ते दाखवणं. नातवाला बोलवा, पण फोन त्याच्या हातात देऊ नका. बोट तुमचं असू द्या, सांगणं त्याचं. तो घरी गेल्यावर पुन्हा एकदा एकट्याने करून बघा. जमलं की वहीत त्यापुढे खूण करा आणि तारीख घाला.